समुद्राजवळच्या घराचं लोखंडकाम: जस्त किती, आणि ते कधी चढवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर गुहागरजवळ, किनाऱ्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत. गेट, खिडक्यांच्या ग्रिल, गच्चीचा कठडा आणि पाण्याच्या टाकीचा स्टँड करायचा आहे. फॅब्रिकेटर म्हणतो, ‘जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप वापरतो, जॉइंटला सिल्व्हर मारतो, पंधरा वर्षं बघायला नको.’ मेहुणे म्हणतात, झिंक प्लेटिंग करून घ्या. हार्डवेअरवाल्याने कोल्ड गॅल्व्हनाइझिंगचा स्प्रे दाखवला. ऐकायचं कोणाचं?

मी गॅल्व्हनाइझिंगच्या, म्हणजे लोखंडावर जस्त चढवायच्या, कारखान्यात माल तपासायचं काम बरीच वर्षं केलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार. पण मुद्दा आधीच सांगून टाकतो. या तिघांपैकी एकानेही तुम्हाला मायक्रॉनचा आकडा सांगितलेला नाही, आणि जस्ताच्या बाबतीत सगळ्यात आधी तोच विचारायचा असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. उघड्यावरचं जस्त हळूहळू, जवळपास एकाच गतीने झिजत जातं, म्हणून जाडी दुप्पट तर आयुष्यही साधारण दुप्पट. दुसरा प्रश्न क्रमाचा. जस्त आधी आणि वेल्डिंग नंतर, की वेल्डिंग आधी आणि जस्त नंतर? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तिघांचंही म्हणणं आपोआप तपासलं जातं.

रंग लोखंडाला फक्त झाकतो. एक ओरखडा पडला की तिथून पाणी आत शिरतं आणि गंज रंगाखालून पसरत जातो. जस्ताचं तसं नाही. जस्त लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील आहे (प्रमाण विद्युत विभव जस्ताचं उणे ०.७६ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४), त्यामुळे ओल्या ओरखड्यात आधी शेजारचं जस्त खर्ची पडतं आणि उघडं पडलेलं लोखंड वाचतं. हे संरक्षण एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या ओरखड्यापर्यंत नीट चालतं, तळहाताएवढ्या उघड्या जागेला नाही. आणि आजूबाजूला खर्च करायला जस्त शिल्लक असेल तरच.

आता आकडे. हवेमुळे धातू किती झिजतात याच्या श्रेणी आयएसओ ९२२३ या मानकात दिल्या आहेत. मध्यम हवेत, म्हणजे सी-३ श्रेणीत, जस्त वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतं. सी-४ मध्ये २.१ ते ४.२, आणि सी-५ मध्ये ४.२ ते ८.४. समुद्र दिसतो अशी घरं सी-४ किंवा सी-५ मध्ये धरावीत. लाटा फुटतात तिथून जितकं आत जाल, आणि मध्ये जितकी झाडी असेल, तितका खारा वारा कमी होतो. तुमच्यासाठी मी हिशेबाला वर्षाला चार मायक्रॉन धरतो.

फॅब्रिकेटर ज्याला ‘जीआय पाइप’ म्हणतो तो नव्वद टक्के वेळा जीपी पाइप असतो. म्हणजे आधीच जस्त चढवलेल्या पत्र्याची गुंडाळी चिरून, वळवून, वेल्ड करून केलेला पाइप. चौकोनी, चकचकीत, गुळगुळीत. या पत्र्यावर बरेचदा १२० ग्रॅमचा थर असतो, आणि हे १२० ग्रॅम चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून मोजतात. एका बाजूला ६० ग्रॅम. जस्ताची घनता पाहता ७ ग्रॅमला जवळपास एक मायक्रॉन पडतो, म्हणजे बाहेरच्या बाजूला साडेआठ मायक्रॉनच्या आसपास. वर्षाला चारने भागा. दोन वर्षं! हाच पाइप तुमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या बाल्कनीत आठ-दहा वर्षं छान टिकलेला असेल, आणि फॅब्रिकेटर तेच उदाहरण देत असेल. तो खोटं बोलत नाही, हवा वेगळी आहे. २७५ ग्रॅमचा पत्रा मागितला तर बाजूला १९-२० मायक्रॉन मिळतात, पण तयार चौकोनी पाइपात तो मुद्दाम मागवावा लागतो.

आणि हे झालं न जोडलेल्या पाइपाचं. जोडताना काय होतं? लोखंड वितळतं १,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, जस्त वितळतं ४१९ ला आणि ९०७ ला चक्क उकळून वाफ होतं. म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी सांध्याभोवतीचं जस्त उडून गेलेलं असतं. वेल्डरच्या तोंडासमोर जो पांढरा दाट धूर दिसतो ते तुमचं विकत घेतलेलं जस्त. (वाफ होऊन उडायच्या या खोडीमुळेच खनिजातून जस्त काढणं जगाला फार अवघड गेलं. उदयपूरजवळच्या जावरमध्ये कारागिरांनी कित्येक शतकांपूर्वी उलट्या टांगलेल्या मातीच्या मुशींतून ती वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती साधली होती. त्या मुशींचे ढीग तिथे अजून दिसतात.) तो धूर छातीत गेला की संध्याकाळी वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. एक-दोन दिवसांत उतरतो. वर दूध प्यायलं की बाधत नाही, असं प्रत्येक वर्कशॉपमध्ये सांगतात, त्याला काही आधार नाही. सांध्याजवळचं जस्त आधी घासून काढायचं, मोकळ्या हवेत काम करायचं आणि धुराच्या उलट बाजूला उभं राहायचं, एवढंच खरं.

सांध्यावर नंतर जे ‘सिल्व्हर’ मारतात त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची पूड असते, जस्त नावालाही नसतं. दिसायला झकास, आणि म्हणूनच लोक फसतात. पहिल्या पावसाळ्यानंतर गेटवर लाल ओघळ कुठून सुरू होतात ते कधी निरखून पाहा: प्रत्येक सांध्यापासून.

मेहुण्यांचं झिंक प्लेटिंग म्हणजे विजेने चढवलेलं जस्त. थर एकसारखा, सुबक, पण साधारण पाच ते पंचवीस मायक्रॉन. स्क्रू, क्लिपा, मोटारीचे आतले भाग यांना उत्तम. दुकानात मिळणारे निळसर किंवा पिवळसर झाक असलेले चकचकीत नट-बोल्ट असेच केलेले असतात आणि त्यांच्यावर बरेचदा पाच-आठ मायक्रॉनच असतात. समुद्राकाठच्या गेटला नको. लोक एवढा खर्च करून गेट नीट करून घेतात आणि बोल्ट मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातून आणतात. वर्षभरात बोल्ट तांबडे होतात. बोल्टही ‘हॉट डिप’ (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) म्हणूनच मागा. ते मळकट, जरा खडबडीत दिसतात. नटाच्या आतल्या आट्यांवर जस्त नसतं, कारण जस्त चढल्यावर त्या पुन्हा जरा सैल कापतात. तो दोष नाही, बोल्टवरचं जस्त त्यांना सांभाळतं.

राहिला स्प्रे. जस्ताची पूड भरपूर असलेला रंग ही खरी आणि उपयोगी वस्तू आहे, पण ती डागडुजीची. वाळलेल्या थरात वजनाने ८० टक्क्यांहून जास्त जस्त असेल तरच कण एकमेकांना आणि लोखंडाला चिकटून वीज वाहते आणि संरक्षण मिळतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे असा रंग वाळल्यावर मळकट राखाडी दिसतो, चांदीसारखा चमकत नाही, आणि डबा उचलला की हाताला अनपेक्षित जड लागतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर एकच: काळा एमएस पाइप (साधा लोखंडी, जस्त न चढवलेला) घ्या, गेट आणि ग्रिल संपूर्ण वेल्ड करून, भोकं पाडून, घासून तयार करा आणि मग हॉट डिप गॅल्व्हनाइझिंगला पाठवा. जीपी पाइपाचं गेट करून वर बुडवायला पाठवू नका. जुनं जस्त ॲसिडमध्ये आधी उतरवावं लागतं, ॲसिड खराब होतं, कारखानदार कुरकुरतो, आणि तुम्ही जस्ताचे पैसे दोनदा मोजता.

सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ साली पेटंट घेतलं तेव्हापासून मूळ कृती तीच आहे. आधी कॉस्टिकमध्ये तेल-ग्रीस काढायचं, पाण्यात धुवायचं, हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये गंज आणि काळी पापडी उतरवायची, पुन्हा धुवायचं, झिंक अमोनियम क्लोराइडच्या फ्लक्समधून (जस्त नीट धरावं म्हणून वापरायचं द्रावण) काढून वाळवायचं आणि ४५० अंशांच्या आसपास तापलेल्या जस्तात बुडवायचं. जॉब, म्हणजे बुडवायची वस्तू, आत गेला की जस्त खदखदतं, फ्लक्सचा धूर उसळतो, पृष्ठभागावर राख जमते. लोखंड जस्ताइतकं तापलं की खदखद शांत होते. मग दोन माणसं लांब फळ्यांनी राख बाजूला सारून आरशासारखा स्वच्छ पट्टा करतात आणि त्यातून जॉब सावकाश वर घेतात. घाईत ओढला तर जस्ताचे गोळे आणि सुळे लोंबत राहतात. त्या काही मिनिटांत लोखंड आणि जस्त एकमेकांत मिसळून मिश्रधातूचे थर तयार झालेले असतात. त्यातला मधला एक थर तर खालच्या लोखंडापेक्षाही कठीण असतो. म्हणून हे जस्त टेंपोत घासलं, भिंतीवर आपटलं तरी रंगासारखं सालपट निघत नाही.

किती चढतं? आयएसओ १४६१ प्रमाणे दीड ते तीन मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर सरासरी किमान ५५ मायक्रॉन, तीन ते सहापर्यंत ७०, आणि सहाच्या वर ८५. जाड लोखंडाला जास्त, कारण ते तापायला वेळ घेतं, जास्त वेळ आत राहतं. आपल्याकडचं यासाठीचं मानक आयएस ४७५९. आता पुन्हा चारने भागा: ५५ चे जवळपास चौदा वर्षं, ८५ चे एकवीस. म्हणून गेटच्या चौकटीला सोळा गेज (१.६ मिमी) वापरायच्या ऐवजी चौदा गेज (दोन मिमी) घ्या आणि टाकीच्या स्टँडचे पाय सहा मिमीच्या वरच्या अँगलचे करा. ‘दोनदा बुडवून द्या, डबल जस्त बसेल’ असा आग्रह धरू नका. थर सुरुवातीला भरभर वाढतो, मग मंदावतो. नुसता जास्त वेळ ठेवून फार काही मिळत नाही.

फॅब्रिकेटरला आधीच बजावायच्या गोष्टी काही आहेत. सगळ्यात महत्त्वाची भोकं. दोन्ही टोकं बंद केलेला पाइप जस्तात घातला तर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि पाइप फुटतो. सुतळी बाँबसारखा. आसपासच्या माणसांवर वितळलेलं जस्त उडतं. म्हणून चांगला कारखाना बिनभोकाचा जॉब हातात घेत नाही. प्रत्येक पोकळ पाइपाला दोन्ही टोकांना, समोरासमोरच्या कोपऱ्यांत, सांध्याला लागून भोकं हवीत. दीड-दोन इंची पाइपाला १२ मिमीची, त्याहून मोठ्याला किमान १६. ती गेट बसवल्यावर खालून किंवा आतून येतील अशी आखा, म्हणजे दिसत नाहीत. वरची नंतर बुचाने बंद करता येतात, खालची उघडीच ठेवा, आत साचलेलं पाणी निघून जातं. पट्टीवर पट्टी ठेवून चारी बाजूंनी वेल्ड केलं असेल तर त्या सांदीतही हवा-ओल अडकते, तिथेही एक भोक लागतं. आणि अर्धवट टाके मारून सोडलेल्या सांदीत ॲसिड शिरून बसतं, जे दोन महिन्यांनी तपकिरी ओघळ होऊन बाहेर येतं.

वेल्डिंगचा स्लॅग (सांध्यावर जमणारी काचेसारखी कडक पापडी) चिपिंग हॅमरने पूर्ण उडवायला सांगा. ॲसिड गंज खातं, स्लॅग नाही. ऑइल पेंट, मार्करच्या खुणा, स्टिकरचा डिंक यांनाही ते दाद देत नाही. त्या जागी जस्त धरतच नाही आणि काळा डाग राहतो. रेड ऑक्साइड अजिबात मारू नका. फॅब्रिकेटरला सवयीने मारायची फार घाई असते. बिजागऱ्या वेल्ड करून सोबत बुडवल्या तर जस्ताने जाम होतात, त्या वेगळ्या बुडवून बोल्टने बसवा. कडी-कोयंड्याला दीड-दोन मिलिमीटरची फट ठेवा. गेटला मोठा सपाट पत्रा लावायचा असेल तर तो चौकटीला वेल्ड करून पाठवू नका, गरम होऊन पापडासारखा वाकडा होतो. वेगळा करून नंतर बोल्टने जोडा.

मोठ्या टाक्या असलेले कारखाने बहुतेक एमआयडीसीत, तुमच्यापासून लांब. दर किलोवर असतो, आणि वाहतूक वेगळी. म्हणून सगळं काम एकदम तयार करून एकाच टेंपोत पाठवा. गेट किती लांब-रुंद आहे ते आधी फोनवर सांगा, टाकीत मावलं पाहिजे. ऑर्डरवर लिहून घ्या: ‘हॉट डिप, आयएस ४७५९, मायक्रॉनचा रिपोर्ट सोबत.’ जाडी मोजायचं चुंबकी यंत्र प्रत्येक बऱ्या कारखान्यात असतं. तुमच्यासमोर चार-पाच ठिकाणी टेकवून दाखवा म्हणा. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा.

माल हाती आल्यावर एखादा भाग चमकदार आणि एखादा राखाडी, ठिपकेदार दिसला तर भांडू नका. लोखंडात सिलिकॉन जास्त असेल तर थर जाड आणि मंद रंगाचा होतो. संरक्षण कमी होत नाही, उलट मायक्रॉन जास्तच भरतात. भांडायचं ते उघड्या काळ्या डागांवरून. मानकात अशा जागा एकूण क्षेत्राच्या अर्धा टक्का आणि एकेक जागा दहा चौरस सेंटिमीटरपर्यंत चालते, ती जस्ताच्या रंगाने किमान १०० मायक्रॉन भरून द्यायची असते.

परत येताना पाऊस असेल तर जपा. ताज्या जस्तावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने एक घट्ट संरक्षक पापुद्रा तयार व्हायला काही आठवडे लागतात, आणि त्यासाठी ओलं होऊन पुन्हा वाळणं गरजेचं असतं. ग्रिलवर ग्रिल चिकटवून, वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधून ठेवली की आत घाम सुटतो आणि पांढरी भुकटी धरते. मध्ये लाकडी पट्ट्या घाला, जरा तिरकं ठेवा, वारा खेळू द्या. हलकी भुकटी नायलॉनच्या ब्रशने निघते.

विकत घ्यायच्या आधी घरी तपासायची एक पद्धत सांगतो, सुपारीच्या बागा असलेल्यांकडे सामान असतंच. बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद (कॉपर सल्फेट) काचेच्या भांड्यात पाण्यात विरघळवा. प्रयोगशाळेत १०० भाग पाण्याला ३६ भाग घेतात. बोल्ट किंवा पाइपाचा तुकडा थिनरने पुसून एक मिनिट बुडवा, धुवा, पुसा, परत बुडवा. जस्त असेल तोवर काळा गाळ धरतो आणि बोटाने पुसला जातो. जिथे लोखंड उघडं पडलं तिथे लखलखीत तांबं बसतं, पुसून जात नाही. प्लेटिंगचा बोल्ट बहुतेक पहिल्या-दुसऱ्या मिनिटालाच तांबूस होतो, हॉट डिपचा टिकतो. सिल्व्हर मारलेला सांधा कानशीने जरा खरवडून मग बुडवा, लगेच कळेल. हातमोजे घाला, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात नको.

रंग हवा असेल तर: जस्तावर साधा ऑइल पेंट थेट मारू नका. त्यातलं तेल जस्ताशी मिळून साबण तयार होतो आणि वर्षभरात रंगाचे पापुद्रे सुटतात. कारखान्याला आधीच सांगा की ‘रंगवायचं आहे, पॅसिव्हेशन (पांढरी भुकटी धरू नये म्हणूनचा रासायनिक लेप) करू नका’. मग पृष्ठभाग हलका खरखरीत करून, जस्तासाठीचा इपॉक्सी प्रायमर आणि वर पॉलियुरेथेन. जस्त आणि रंग दोन्ही असले तर आयुष्य दोघांच्या बेरजेपेक्षाही जास्त मिळतं, कारण रंग जस्ताला वाचवतो आणि रंग फाटला तरी खाली गंज पसरत नाही. तुमच्या अंतरावर मी गेटला हे करून घेईन. टाकीच्या स्टँडला नुसतं जस्त पुरे.

गेटचे खांब जमिनीत शिरतात ती वीतभर जागा सगळ्यात आधी जाते. जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात जस्त भरभर खर्ची पडतं. खांब काँक्रीटमध्ये बसवा, काँक्रीट जमिनीच्या वर चार बोटं येऊ द्या आणि त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या. खांब काँक्रीटमधून बाहेर येतो तिथे वर-खाली वीतभर इपॉक्सी किंवा डांबराचा लेप. ओलं सिमेंट गेटवर उडालं तर लगेच धुवा. गच्चीवर सोलर असेल तर त्याच्या तांब्याच्या नळीतून गळणारं पाणी स्टँडवर पडू देऊ नका, तांब्याचे कण जस्ताला भोकं पाडतात.

एक गोष्ट ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पावसाने भिजणाऱ्या भागापेक्षा छपराखालचा, पाऊस न लागणारा भाग कोकणात लवकर खराब होतो. उघड्या भागावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. सज्जाखालच्या ग्रिलवर आणि पत्र्याच्या खालच्या बाजूला ते साचून राहतं आणि दमट हवेत रात्रभर ओलं असतं. दिवाळीनंतर दर महिन्या-दोन महिन्यांनी त्या जागांवर गोड्या पाण्याचा पाइप फिरवलात तर फुकटात बरीच वर्षं वाढतील.

जुन्या घराच्या ग्रिल वापरायच्या का, हेही तुम्ही विचारलं होतं. गज हातोडीने ठोकून पाहा. खणखणीत वाजले आणि जाडी शाबूत असेल तर त्याही बुडवता येतात, पण रंग पूर्ण जाळून किंवा घासून काढून पाठवा, ते काम कारखाना करत नाही. खड्डे पडलेलं लोखंड जस्ताखाली खड्ड्यांसकटच दिसेल. आणि ज्या ग्रिल भिंतीत पक्क्या आहेत, काढायच्या नाहीत, त्यांच्यासाठी तो जस्ताच्या रंगाचा जड डबा कामाचा: तारेच्या ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा, गोड्या पाण्याने मीठ धुवा, पूर्ण वाळू द्या आणि जस्ताचा रंग दोन हात द्या, वर पॉलियुरेथेन. हे काम डिसेंबर ते फेब्रुवारीत, ऊन चढल्यावर करा. सकाळच्या दवात मारलेला रंग धरत नाही.